तंत्रस्नेही गवई

सोनिवलीच्या नव्या शाळेची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत फिरत उल्हासनगरात सम्यकच्या मोबाइलवर येऊन पडली, तेव्हा त्याने ती अर्धीच वाचली. 'संगीत शिक्षक पाहिजे' एवढं दिसलं आणि गडी हवेत गेला. उरलेली अर्धी त्याच्या वडिलांनी, हरिचंद्ररावांनी, चष्मा चढवून मोठ्याने वाचली. उमेदवार तंत्रस्नेही असावा आणि त्याने स्मार्ट बोर्डावर प्रात्यक्षिक पाठ घेऊन दाखवावा, असं तिथे लिहिलं होतं.

"तंत्रस्नेही म्हंजे?" हरिचंद्ररावांनी विचारलं.

"ज्याची मशीनशी दोस्ती आहे तो."

"तुझी आहे?"

सम्यकने वर छताकडे बघितलं. मिक्सरचं झाकण न लावता बटण दाबून स्वयंपाकघराच्या छताला हिरवी चटणी लावणारा माणूस याला काय उत्तर देणार?

तसा पोरगा गाण्यात पक्का होता. विशारद झाला होता, गळा तयार होता, पेटीवर हात बसला होता. पण विशारद म्हटलं की कोणी घरी येऊन नोकरी देत नाही. पोटासाठी तो बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. बदलापूर गावापासून अंबरनाथपर्यंत जिथे जिथे हळदीचा मांडव पडेल, तिथे तिथे सम्यक. हळद रंगात आली की नवरदेवाचा मामा स्टेजवर चढायचा, 'जरा जोरात वाजव की' म्हणायचा आणि बोलता बोलता कीबोर्डावर कोपर टेकवायचा. त्या कोपराने जो सूर लागे त्यावरही पब्लिक नाचे, हे सम्यकचं खरं दुःख होतं. आपण लावलेला सूर आणि मामाच्या कोपराने लावलेला सूर यांतला फरक निदान दहा पोरांना तरी कळावा, एवढ्यासाठी त्याला शिक्षक व्हायचं होतं.

आणि हरिचंद्ररावांना त्याहून जास्त. त्यांची एके काळी स्वतःची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत रात्रभर गायचं आणि सकाळी शहाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला उभं राहायचं. टाळ्या भरपूर मिळाल्या, नारळ मिळाले, शाली तर इतक्या मिळाल्या की त्या घरात कोणाला थंडी वाजायची सोय राहिली नाही. पण गाण्याचा पगार कधी हातात पडला नाही. आपल्या पोराने गाऊन पगार घ्यावा, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

सुदैवाने सम्यकची धाकटी बहीण यशोधरा अंबरनाथच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि तिथे तसला बोर्ड होता. रविवारी क्लास रिकामा असला की ती भावाला घेऊन जाऊ लागली. पहिल्याच रविवारी सम्यकने दाराबाहेर चपला काढल्या, बोर्डासमोर गेला, भक्तिभावाने उजव्या हाताची बोटं बोर्डाला लावली आणि कपाळाला टेकवली. वाद्याला हात लावण्याआधी नमस्कार करायचा, ही त्याची लहानपणची शिकवण. तबला असो, पेटी असो, ती नमस्कार निमूट घेते. हा बोर्ड पडला टचचा. त्याने त्या नमस्काराने यशोधराचं उघडलेलं अख्खं त्रिकोणमितीचं प्रकरण बंद केलं आणि 'बदल जतन करायचे का' असं उलट विचारलं.

यशोधराने कपाळाला हात लावला. तिचा हात तिच्याच कपाळाला लागला म्हणून बरं, बोर्डाला लागला असता तर आणखी काहीतरी बंद झालं असतं.

मग तिने पडद्यावर पेटी उघडून दिली. पेटीचं चित्र बघून सम्यकला जरा धीर आला आणि त्याने सवयीने पाची बोटं एकदम ठेवली. बोर्डाला वाटलं, याला चित्र मोठं करून हवंय. त्याने केलं मोठं. सम्यकने बोटं आणखी पसरली, बोर्डाने आणखी मोठं केलं. शेवटी अख्ख्या बोर्डभर एकच पांढरी पट्टी उरली, शेतघराच्या दाराएवढी. हे सगळं चालू असताना सम्यकचा डावा हात बोर्डाच्या कडेला, पेटीचा भाता मारावा तसा, एका लयीत पुढेमागे होत होता.

"दादा, हवा कोणाला घालतोयस?" यशोधराने विचारलं.

सम्यकने हात खिशात घातला. त्यानंतर तो सगळे रविवार डावा हात खिशात घालूनच शिकला. बहिणीने त्याला सक्त ताकीद दिली की बोट एकच लावायचं, आणि नमस्कार करायचाच असेल तर लांबून करायचा, देवळाचं दार बंद असल्यावर रस्त्यावरून करतात तसा. गडी मेहनती होता. हळूहळू बोर्डावरचा तानपुरा चालू करायला शिकला. बोर्डाच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी असते, ती बोटाने वरखाली केली की तानपुऱ्याचा 'सा' उंच किंवा खाली जातो, हेही त्याला कळलं. आणि कळलं तसं डोक्यात गेलं. उथळ पाण्याला खळखळाट फार. हळदीच्या मांडवात ढोलकीवाल्याला तो समजावू लागला की बाबा रे, आता पुढचा जमाना ड्रॅग आणि ड्रॉपचा आहे. ढोलकीवाला म्हणाला, ड्रॉप आपल्याकडे मामालाच करतात, बारानंतर.

दसरा झाल्या झाल्या सोनिवलीहून बोलावणं आलं. ही शाळा कमळाकर शेठची. शेठ मूळचे बदलापूर गावातले. बापजाद्यांच्या भातशेतीत बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यातली एक फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना म्हणून शाळा झाली. त्यांच्या लेखी शाळा म्हणजे एक बिल्डिंगच होती, फक्त भाडेकरू दुपारी घरी जाणारे. शेजारच्या शाळेने स्मार्ट बोर्ड घेतला हे कळल्यावर त्यांनी त्याहून वीतभर मोठा मागवला. तो कसा चालवायचा याचं प्रशिक्षण सगळ्या शिक्षकांना देण्यात आलं होतं, म्हणजे एका माणसाने येऊन बोर्डाचे फोटो दाखवले होते आणि सर्वांना प्रमाणपत्रं वाटली होती. प्रमाणपत्रं भिंतीवर लागली. बोर्डाला मात्र खराब होईल म्हणून कोणी बोट लावलेलं नव्हतं. कोपऱ्यांवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

त्या बोर्डाची दसऱ्याला शेठनी स्वहस्ते पूजा केली होती. रिक्षाची करतात, ट्रॅक्टरची करतात, लेथ मशीनची करतात, मग बोर्डाने काय घोडं मारलंय? चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, समोर नारळ फुटला होता आणि वरून झेंडूचा असा जाडजूड हार सोडला होता की डाव्या बाजूला त्याची लड बोर्डाच्या कमरेपर्यंत लोंबत होती.

सम्यक आत गेला तेव्हा पहिल्या रांगेत कमळाकर शेठ आणि मुख्याध्यापिका बाई बसले होते आणि मागे सहावीचा वर्ग. शेठनी पूर्ण नाव विचारलं. सम्यकने सांगितलं. शेठ म्हणाले, बरं बरं. हे 'बरं बरं' सम्यकने आजवर पुष्कळ ठिकाणी ऐकलेलं होतं, त्याचं त्याला नवल नव्हतं. तो बोर्डाकडे वळला, लांबूनच हात जोडले, एका बोटाने तानपुरा उघडला आणि मुलांच्या गळ्याला बेताचा असा 'सा' लावून दिला. तानपुरा झंकारला. मुलं गप्प झाली. सम्यकच्या मनात आलं, जमलं गड्या.

एवढ्यात शेठनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"पंखा जोरान करा बाई. मना घाम आलाय."

बाईंनी पंखा पाचावर केला. तानपुरा एकदम टणकन वर चढला. बेताचा 'सा' गेला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा असा 'सा' लागला. सम्यकने पटकन पट्टी खाली ओढली. तानपुरा खाली आला, क्षणभर थांबला आणि पाताळात गेला. सम्यकने वर ढकलला. तो पुन्हा टणकन वर. मुलं फिदीफिदी हसायला लागली. सम्यकने आपला उजवा हात संशयाने बघितला, डावा खिशात आहे ना ते तपासलं.

बाई म्हणाल्या की नेट स्लो असेल. नेटचा तिथे काही संबंध नव्हता, पण प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. दारात उभे असलेले पीटीचे सर म्हणाले की बंद करून चालू करा, आमच्या घरचा टीव्ही तसाच होतो. सम्यकने बंद करून चालू केला. बोर्डाने आधी कंपनीची धून वाजवली, मग सगळ्यांचं स्वागत केलं आणि तानपुरा उघडताच पुन्हा वरखाली उड्या मारायला लागला. नाचता येईना अंगण वाकडं, असं शेठच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

आणि मग सम्यकला ते दिसलं. पंख्याच्या वाऱ्याने झेंडूची लड झुलत होती. झुलून बोर्डाच्या डाव्या कडेवर येई, नेमकी त्या उभ्या पट्टीवर. तसल्या बोर्डाला बोट काय आणि झेंडू काय, काचेवर काही टेकलं की तो कामाला लागतो. लड वर सरकली की तानपुरा वर, खाली घसरली की खाली. इतके दिवस सम्यकने डावा हात खिशात कोंडला होता आणि इथे शेठच्या हाराने बोर्ड वाजवायला घेतला होता.

त्याने नम्रपणे विचारलं की पंखा जरा बंद केला तर चालेल का. शेठ म्हणाले, नाय चालणार. मग त्याने विचारलं की हा हार थोडा बाजूला घेऊ का.

"अहो, शेठनी स्वतः घातलाय तो," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

सम्यकचा हात हाराच्या दिशेने अर्धा गेलेला होता. तो तिथेच थांबला. पूजेचा हार, तो शेठनी घातलेला, आणि आपलं पूर्ण नाव शेठनी नुकतंच विचारून घेतलेलं. हा हार आपण उतरवला तर उद्या सोनिवलीभर त्याची जी गोष्ट होईल, ती तानपुऱ्याची नसेल, हे त्याला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. त्याने हात मागे घेतला आणि केसांवरून फिरवला. राग त्याला चांगलाच आला होता, पण रागाला पगार मिळत नाही.

आता शिकवायचं तरी काय? 'सा' म्हणजे घराचा उंबरठा, इथून निघायचं आणि इथेच परत यायचं, असं काहीतरी तो पाठ करून आला होता. इथे उंबरठाच जागेवर राहायला तयार नव्हता. पण अडला हरी असला तरी गडी हळदीतला होता. हळदीत गाणारा कोण असतो? नवरदेवाचा मित्र. तो एका ओळीत कुठल्या पट्टीत असतो आणि दुसऱ्या ओळीत कुठे जातो, ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. कीबोर्डवाल्याने पळत जाऊन त्याला गाठायचं असतं. सम्यक आयुष्यभर तेच करत आला होता. तो मुलांकडे वळला.

"बोर्ड पळतोय. त्याला पकडायचं. तो जिथे जाईल तिथला सा लावायचा. जो लावील तो जिंकला."

वाऱ्याने लड हलली, तानपुरा उडाला, सम्यकने 'सा' लावला आणि मागोमाग मुलांनी. पहिल्यांदा नुसता कालवा झाला. दुसऱ्यांदा अर्ध्या मुलांना सापडला. मग पोरांना नादच लागला. तानपुरा खाली गेला की माना खाली घालून, छातीत हवा भरून 'सा'; वर गेला की टाचा उंचावून 'सा'. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी आत्तापर्यंत पेन्सिल चावत होती, ती दर वेळी सगळ्यांच्या आधी पोचायला लागली, आणि चुकलेल्या मुलाकडे वळून त्याला बरोबर 'सा' ऐकवायला लागली. शेजारचे वर्ग खिडकीत गोळा झाले. पीटीच्या सरांनीही दारातून एक 'सा' लावला, तो मुलांनी एकमताने चूक ठरवला.

सम्यकला भरून आलं. या मुलांना आता मामाचं कोपर फसवू शकणार नव्हतं. हेच तर त्याला हवं होतं. गळा खरवडला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, पण त्याला वाटत होतं, तास संपूच नये.

तास संपला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कमळाकर शेठ उठून उभे राहिले.

"झकास. पन मना सांग, यो शिकवला कोनी? तू का बोर्डान?"

आता गवयांच्या जगात एक रीत आहे. मैफल रंगली आणि कोणी पाठ थोपटली, की गवयाने मान खाली घालून म्हणायचं, माझं काही नाही, सगळी साथीदारांची कृपा. ऐकणाऱ्याने ते अर्थातच खरं मानायचं नसतं. 'छे छे' म्हणून आणखी स्तुती करायची असते. सम्यकच्या गुरुजींनी त्याला सुराच्याही आधी ही रीत शिकवली होती. त्याची मान आपोआप खाली गेली, हात आपोआप बोर्डाकडे वळला.

"माझं काही नाही, शेठ. सगळं श्रेय साथीला."

पण शेठ पडले जमिनीच्या व्यवहारातले. समोरच्याने चारचौघांत तोंडाने कबूल केलं की सौदा झाला, एवढीच रीत त्यांना ठाऊक. 'छे छे' ते कधी कोणाला म्हणाले नव्हते. त्यांनी बाईंकडे बघितलं आणि म्हणाले की पोरगा खरा आहे, स्वतःहून कबूल झाला. हा बोर्ड आपल्याआप शिकवतो हे कोणी आधी का नाही सांगितलं? बोर्ड घ्या म्हणून शेठच्या मागे लागलेल्या बाईच होत्या. त्यांनी संधी साधली. "हो ना सर, आत एआय असतं," त्या म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सम्यक घाईने म्हणाला की तसं नाही, ती म्हणायची पद्धत असते, बोर्डाने काही शिकवलं नाही, बोर्ड तर त्या हारामुळे...

"हारामुले काय?" शेठनी विचारलं. बाईंनी डोळे मोठे केले.

"हारामुळे शोभा आली," सम्यक म्हणाला.

शेठ खूश झाले. जमिनीचा माणूस खूश झाला की लगेच निकाल लावतो. बोर्ड एवढा महागाचा आणलाय, तो मुलांकडून गाऊनही घेतो, मग त्यावर आणखी संगीत शिक्षक कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि त्यात हिशेबाची चूक काढणं अवघड होतं. पण पोरगा गुणी आहे, खरं बोलतो, बोर्डाशी त्याचं जमतं, तेव्हा त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये.

"संगीत बोर्डाला देऊ," ते म्हणाले, "आन बोर्ड तुला देऊ."

बाईंनी लगेच त्या पदाचं 'डिजिटल संगीत साहाय्यक' असं नाव ठेवलं. काम सोपं होतं. तासाला बोर्ड चालू करायचा, तास संपला की बंद करायचा, रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा. एकच अट होती. बोर्ड शिकवत असताना साहाय्यकाने मध्ये गाऊ नये, मुलं गोंधळतात. शिक्षण विद्यार्थिकेंद्रित असलं पाहिजे, असं बाई म्हणाल्या.

सम्यकने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण डोळ्यांसमोर सगळे मामा रांगेने उभे राहिले आणि त्याने तोंड मिटलं. हो म्हणाला. बाईंनी अभिनंदन केलं आणि फडकं कुठल्या कपाटात असतं ते दाखवलं.

शाळेच्या फाटकाबाहेर येऊन त्याने घरी फोन लावला. तिकडे हरिचंद्रराव मोबाइल हातात धरूनच बसले असावेत. नोकरी लागली हे ऐकताच त्यांनी आधी शेजारच्या सिंधी दुकानदाराला मोठ्याने सांगितलं, दुकानदार 'पार्टी दो, अंकल' म्हणाला तेही फोनमधून ऐकू आलं, मग ते पुन्हा फोनवर आले. किती मुलं असतील, पेटी शाळेची की आपली न्यायची, सगळं एका दमात विचारायला लागले. सम्यकने त्यांना थांबवलं आणि झालं ते सरळ सांगून टाकलं. गाणं बोर्ड शिकवणार. बोर्ड चालू करायचं काम आपलं.

हरिचंद्ररावांचा आता एकच प्रश्न उरला.

"म्हंजे तुला गायला नाही मिळणार?"

"नाही, पप्पा. मुलं गोंधळतात म्हणे."

"आमच्या पार्टीत," हरिचंद्रराव म्हणाले, "पेटी उचलायला ठेवलेल्या माणसालासुद्धा कोरसमध्ये घ्यायचे रे."